निळं कव्हर, हिरवं कव्हर

सासूबाईंनी दोन्ही कव्हरं धुऊन गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातली, तेव्हा कुणाच्या जिवावर उठण्याचा त्यांचा अजिबात विचार नव्हता. निळ्या कव्हरवर तेलाचा डाग पडला होता. निळं धुवायचंच आहे तर हिरवंही पाण्यातून काढू, असं म्हणून त्यांनी दोन्ही यंत्रं कव्हरांतून बाहेर काढली आणि टेबलावर उघडीवाघडी ठेवून दिली.

विणकाम हा त्यांचा जुना नाद. घरातली माणसं लोकरीचे कपडे घालायला तयार होईनात, तेव्हा त्यांनी वस्तूंना कपडे घालायला सुरुवात केली. रिमोटला कव्हर, चष्म्याच्या डबीला कव्हर, पाण्याच्या बाटलीला कव्हर. बाथरूमच्या दाराच्या गोल मुठीला त्यांनी इतकं गुळगुळीत कव्हर घातलं होतं की एक पाहुणे आतून मूठ फिरवून फिरवून शेवटी हाका मारायला लागले. अशा घरात शुगर मोजायची दोन यंत्रं उघडी राहणं शक्यच नव्हतं.

यंत्रं तळहातात मावणारी, काळी, आणि दिसायला अगदी जुळी. दंडावर नाण्याएवढी चकती चिकटवली की यंत्रावर सारखा शुगरचा आकडा दिसतो, आणि आकड्याशेजारी बाण. बाण वर म्हणजे शुगर चढतेय, बाण खाली म्हणजे उतरतेय. फार चढली किंवा फार उतरली की यंत्र कोकलतं. निळ्या कव्हरातलं यंत्र सूनबाईचं, हिरव्यातलं सासरेबुवांचं.

सासरेबुवांचं प्रकरण साधं होतं. लिफ्ट इन्स्पेक्टर म्हणून आयुष्य वर-खाली करण्यात गेल्यावर निवृत्तीत त्यांना डायबेटिस निघाला. रोजची एक गोळी आणि गोड बंद. डॉक्टरांनी थोडे दिवस चकती लावून बघा म्हटलं, म्हणून त्यांना ती लावली. जगातली कुठलीही गोड वस्तू त्यांना प्रिय होती, अपवाद फक्त पेपरमिंटचा. त्याचा नुसता वास आला तरी त्यांना मळमळायचं. त्यांच्यामुळे सगळं घर बडीशेपेच्या चवीची पेस्ट वापरत होतं.

सूनबाईचं प्रकरण साधं नव्हतं. शाळेत असल्यापासून तिला टाइप वन. शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, म्हणून ते टोचून घ्यायचं. ते ती इतकी वर्षं निमूटपणे करत आली होती. पण अलीकडे घेतलेलं इन्सुलिनही पुरेना. डोस वाढले, तरी आकडे हलेनात. डॉक्टर म्हणाले, "याला इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. पाहुणा बाहेरून बोलावून आणलाय, आणि आतले लोक कडी काढत नाहीयेत." सासूबाईंनी ही बातमी शेजारणीला आपल्या पद्धतीनं सांगितली, "आमच्या सुनेला एकावर एक आहे हो."

सूनबाई चष्म्याच्या दुकानात काम करायची. दिवसभर लोकांना "वरची ओळ वाचा, आता खालची वाचा" म्हणणं आणि त्यांचे नंबर काढणं हा तिचा पेशा. गेल्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिच्याच डोळ्यांत बॅटरी मारली आणि ते जरा जास्तच वेळ बघत राहिले. डोळ्यांच्या मागच्या पडद्यावर बारीक ठिपके आले होते. "घाबरायचं कारण नाही, पण शुगर आता खाली आणाच," असं ते म्हणाले. घाबरायचं कारण नाही म्हटल्यावर माणूस जेवढा घाबरतो, तेवढी ती घाबरली. तेव्हापासून यंत्रावर मोठा आकडा दिसला की तिला तो आकडा डोळ्यांत टोचल्यासारखा वाटायचा.

दुसरी भीती ती कुणाला सांगत नसे. पूर्वी शुगर फार उतरली की हात थरथरायचे, छाती धडधडायची, आणि ती साखर खायची. इतक्या वर्षांत शरीराला तेही कळवायचा कंटाळा आला होता. आता शुगर रसातळाला गेली तरी तिला आधी पत्ता लागत नसे. पत्ता लागायचा तो यंत्राला. म्हणून ती यंत्रावर जीव टाकून होती.

तर त्या दिवशी, सूनबाईच्या दुकानाला सुट्टी असताना, कव्हरं वाळली. सासूबाई ती घेऊन टेबलाशी आल्या आणि थबकल्या. दोन काळी यंत्रं, आणि कुठलं कुणाचं याचा काही मागमूस नाही. विचारायला हवं होतं. पण सून आंघोळीला गेली होती, सासरे पेपर तोंडावर घेऊन घोरत होते, आणि विचारलं तर "एवढंही लक्षात राहत नाही का?" असं ऐकून घ्यावं लागलं असतं. सासूबाईंनी जरा विचार केला. सून जेवायला डावीकडे बसते, म्हणजे डावीकडचं तिचं. डावीकडच्याला निळं घातलं, उजवीकडच्याला हिरवं, आणि त्या स्वयंपाकाला लागल्या.

चूक झाली होती. हे आपल्याला ठाऊक आहे. त्या घरात मात्र ते कुणालाही ठाऊक नव्हतं.

जेवणं झाली. सूनबाईनं नेहमीसारखं इन्सुलिन घेतलं, मोजून जेवली आणि खोलीत जाऊन आडवी झाली. सासरेबुवा हात धुवायला म्हणून उठले, जाता जाता कपाटाजवळच्या हत्यारांच्या पेटीपाशी वाकले, आणि बाथरूममध्ये गेले. ती पेटी नोकरीतली. "आत नाजूक उपकरणं आहेत," असं सांगून त्यांनी तिला कुणाला हात लावू दिला नव्हता. घरात तेवढ्या तिलाच कव्हर नव्हतं.

थोड्या वेळानं निळं यंत्र कोकललं. सूनबाई ताडकन उठून बसली. दोनशे साठ, आणि बाण वर.

"अशक्य आहे," ती स्वतःशीच म्हणाली. जेवणात तर काहीच नव्हतं. इन्सुलिनही वेळेवर घेतलं होतं. डॉक्टरांचा नियम तिला पाठ होता, आकड्याची शंका आली तर बोटाला टोचून खात्री करायची. पण बोटांची चाळण झाली होती, आणि सकाळीच तिनं टोचून बघितलं होतं. दोन्ही आकडे तंतोतंत जुळले होते. सकाळी खरं बोलणारं यंत्र दुपारी कशाला खोटं बोलेल? तिला डोळ्यांतले ठिपके आठवले. तिनं इन्सुलिनचं पेन काढलं आणि वरचा डोस घेतला.

इन्सुलिननं आपलं काम सुरू केलं. तिची खरी शुगर हळूहळू उतरायला लागली, आणि ती उतरताना दिसली बाहेरच्या खोलीत, हिरव्या कव्हरात.

"अहो!" सासूबाई किंचाळल्या. "अहो, तुमची उतरतेय! बाण बघा, खाली तोंड करून बसलाय!"

सासरेबुवांनी डोळे उघडले. त्यांनी बाण बघितला. मघाशी बाथरूममध्ये काय झालं ते त्यांना आठवलं, आणि बाण खाली असायचं काही कारण नाही हे त्यांना चांगलं कळत होतं. पण तसं बोलायचं तर मघाशी काय झालं तेही बोलावं लागलं असतं.

"हं," ते क्षीण आवाजात म्हणाले. "थोडं गरगरतंय खरं."

"थांबा, साखरपाणी आणते."

डायबेटिस निघाल्यापासून त्यांच्या हातात राजरोस साखर कुणी दिली नव्हती. सासरेबुवांनी तो पेला दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटून प्यायला. "आणखी अर्धा दे," ते म्हणाले. "धोका नको."

निळं यंत्र पुन्हा कोकललं. तीनशे. सूनबाईनं नवऱ्याला फोन लावला.

चिरंजीव ऑफिसात मीटिंगमध्ये होते. ते दबक्या आवाजात म्हणाले, "काय झालं?"

"अरे, माझी सारखी चढतेय. वरचा डोस घेतला तरी चढतेय."

"तू घाबरू नकोस," ते घाबरून म्हणाले. "रेझिस्टन्स वाढला असेल. डॉक्टर म्हणालेच होते ना, कधीकधी एकदम वाढतो."

"मग काय करू?"

"अं... थोडं आणखी घेऊन बघ."

तो फोन ठेवतात न ठेवतात तोच आईचा आला. "अरे, तुझ्या बाबांची शुगर सारखी पडतेय! साखरपाणी दिलं तरी पडतेय!"

"मग अजून दे, आई! ग्लुकोज दे! हिच्या ड्रॉवरमध्ये गोळ्या असतील बघ!"

सगळ्या जगात दोन्ही बाजू ठाऊक असलेला हा एकच माणूस होता. जिची चढतेय तिला त्यानं इन्सुलिन सांगितलं, ज्याची पडतेय त्याला साखर सांगितली, आणि दोघांचंही बरोबर मार्गदर्शन करून तो मीटिंगमध्ये परत गेला.

एका डोसावर लगेच दुसरा चढवू नये, पहिल्याचा परिणाम व्हायला वेळ द्यावा, हेही सूनबाईला पाठ होतं. ओळखीत कुणाला नव्यानं टाइप वन निघालं की ती स्वतःच त्याला हे सांगायची. पण तीनशेचा आकडा समोर दिसत असताना हातावर हात ठेवून बसणं तिला जमेना. आपण आंधळ्या झालो तर, हा विचार एकदा आला की जाता जात नव्हता. तिनं दुसरा डोस घेतला, पहिल्यापेक्षा मोठा.

आता घरात एक चक्र सुरू झालं. इकडे इन्सुलिन आत गेलं की तिकडे हिरवं यंत्र खाली जायचं. हिरवं खाली गेलं की सासरेबुवांच्या तोंडात साखर पडायची. साखर पडली की निळं वर जायचं. निळं वर गेलं की सूनबाईचा हात पेनाकडे जायचा.

सासूबाईंनी साखरेचा डबा खरवडून रिकामा केला. सुनेच्या ड्रॉवरमधल्या ग्लुकोजच्या गोळ्या आणून त्याही सगळ्या नवऱ्याला चघळायला लावल्या. चहात घालायची साखर गेली, पाहुण्यांसाठी ठेवलेला ज्यूस गेला. हिरवं यंत्र मात्र ऐकायला तयार नव्हतं. सत्तर. बाण खाली.

सासरेबुवांची मौज एव्हाना संपली होती. त्यांची जीभ कोरडी पडली होती, डोकं जड झालं होतं आणि ते सारखे बाथरूमला पळत होते. पण त्यांना खरी धास्ती वेगळीच होती. एवढं सगळं खाऊन, आणि ते मघाचं धरून, माणसाची शुगर पडतेच आहे, याचा अर्थ काय? आत काहीतरी भयंकर झालंय. डॉक्टरांना कळायच्या आत आपला कारभार आटोपणार. त्यांनी बायकोचा हात धरला.

"अगं, माझं काही बरंवाईट झालं तर एक लक्षात ठेव."

"असं अभद्र बोलू नका हो."

"ऐक. ती हत्यारांची पेटी उघडायची नाही. आहे तशी नेऊन भंगारात द्यायची."

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. जाताजाताही माणसाला नोकरीची आठवण! त्यांनी डोळे पुसत सुनेला हाक मारली. "अगं, बाहेर ये बाई, तुझे सासरे बघ कसं करतायत!"

सूनबाई बाहेर आली. एका हातात निळं यंत्र, दुसऱ्या हातात पेन, त्याला नवी सुई लावलेली. चेहरा पांढराफटक, कपाळावर घामाचे थेंब, आणि ती भिंतीला खांदा टेकवत चालत होती.

"तीनशे चाळीस," ती म्हणाली. "आई, आता तिसरा डोस घेते."

"अगं, आधी यांच्याकडे बघ!"

सूनबाईनं सासूबाईंकडे टक लावून बघितलं. मग अगदी नम्रपणे म्हणाली, "वरून दुसरी ओळ वाचा."

"काय?"

"घाई करू नका. दिसतील तेवढीच अक्षरं वाचा."

सासूबाई गारठल्या. चेष्टा करायचा तिचा स्वभाव नव्हता, आणि ही वेळही नव्हती. सासरेबुवा मरायचं विसरून उठून बसले. त्यांनी सुनेच्या कपाळावरचा घाम बघितला. मग तिच्या हातातलं निळं यंत्र बघितलं, बाण वर. आपल्या मांडीवरचं हिरवं बघितलं, बाण खाली. आयुष्यभर त्यांनी हेच बाण बघितले होते. एका इमारतीत असं झालं होतं. शेजारी शेजारी दोन लिफ्ट. एकीतला माणूस वर गेला की दिवा दुसरीचा लागायचा. लोक घाबरून दोन्ही लिफ्ट सोडून जिने चढायला लागले होते.

"सुई खाली ठेव!" ते ओरडले, आणि उठून त्यांनी सुनेचं मनगट धरलं. "टोचू नकोस! तारा उलट जोडल्यात! हे यंत्र माझं आहे, तुझं माझ्याकडे आहे! पडतेय ती तुझी!"

"अहो, काहीतरीच काय!" सासूबाई म्हणाल्या. "तुम्हाला भ्रम झालाय. तुमचीच पडतेय."

"माझी पडणं शक्य नाही!"

"कशावरून?"

सून उभ्याउभ्या डुलत होती.

"साखर आण आधी," ते म्हणाले. "प्रश्न मागाहून विचार."

"साखर कुठाय? सगळी तुमच्या पोटात गेली!"

"तिच्या गोळ्या?"

"त्याही!"

घरात साखरेचा कण उरला नव्हता. दुकान कोपऱ्यावर होतं, पण जाऊन यायलाही वेळ लागणार, आणि सूनबाई आता भिंतीवरच्या कॅलेंडरला खुर्चीत बसायची विनंती करत होती. सासरेबुवांनी एकदा बायकोकडे बघितलं, एकदा सुनेकडे. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली, कपाटाजवळची पेटी ओढली आणि सगळ्यांसमोर झाकण उघडलं.

आत एक स्क्रू ड्रायव्हर होता. बाकी पेटी जेलीच्या गोळ्यांनी भरलेली होती. लाल, पिवळ्या, हिरव्या, वरून साखर लावलेल्या, कवळीला न चिकटणाऱ्या आणि चावताना आवाज न करणाऱ्या. त्यांनी मूठभर उचलल्या, सुनेला खुर्चीत बसवलं आणि एकेक तिच्या तोंडात घालायला लागले. "चाव, पोरी. चाव. आणखी एक. शहाणी माझी."

सासूबाई पेटीकडे बघत होत्या. बोलायला पुष्कळ होतं, पण त्यांनी आधी सुनेच्या ड्रॉवरमधून बोट टोचायचं मशीन आणलं. सुनेच्या बोटातला थेंब म्हणाला, अठ्ठेचाळीस. सासरेबुवांच्या बोटातला थेंब म्हणाला, तीनशे एकावन्न.

"तुमची पडणं का शक्य नव्हतं ते आलं लक्षात," सासूबाई तीनशे एकावन्नाकडे बघत म्हणाल्या.

सासरेबुवांनी मान खाली घातली. "आणि कव्हरं कुणी बदलली?" त्यांनी हळूच विचारलं. सासूबाई घाईघाईनं सुनेच्या कपाळावरचा घाम पुसायला लागल्या.

डॉक्टरांना फोन लागला तोवर सूनबाईच्या चेहऱ्यावर रंग येत होता. तिनं किती डोस घेतले ते स्वतःच सांगितलं. पलीकडे डॉक्टरांनी आकडा दोनदा विचारून घेतला.

"एवढं इन्सुलिन दुसऱ्या कुणा टाइप वनवाल्यानं घेतलं असतं ना, तर आत्ता आपण बोलत नसतो," ते शेवटी म्हणाले. "तुमच्या आतल्या लोकांनी कडी काढली नाही म्हणून वाचलात. संध्याकाळपर्यंत त्याचा अंमल राहील, नीट जेवा, आणि दर थोड्या वेळानं बोटाला टोचून बघत राहा. यंत्र नाही, बोट!"

सूनबाईनं फोन ठेवला आणि तिला एकदम रडू फुटलं. ज्या हट्टी शरीराला ती वर्षभर शिव्या घालत होती, त्याच्या हट्टापायीच ती आज खुर्चीत बसून जेली खात होती. सासूबाईंनी तिला जवळ घेतलं. त्याही रडायला लागल्या. "माझंच चुकलं गं. विचारायला हवं होतं मी."

सासरेबुवांना भरपूर पाणी पाजून गॅलरीत फेऱ्या मारायची शिक्षा झाली. तेवढ्यात चिरंजीवांचा फोन आला. "काय, झालं ना सगळं नीट? सांगितलं होतं मी, घाबरू नका म्हणून." त्यांना नंतर घरी आल्यावर जे ऐकावं लागलं, ते इथं सांगण्यात अर्थ नाही.

यंत्रं आपापल्या जागी गेली, आता नुसत्या कव्हरावर विसंबून न राहता त्यांच्या पाठीवर ठळक नावं चिकटवून. उरलेल्या गोळ्या एका डब्यात भरून सूनबाईच्या उशाशी ठेवल्या गेल्या, अडीअडचणीसाठी. सासूबाईंनी डब्याला लाल कव्हर विणलं आणि त्याला चांगलं मोठं बटण लावलं. बटण कुणासाठी आहे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

सूनबाईची शुगर अधूनमधून उतरायचीच. मग ती दोन गोळ्या खायची. पण काही दिवसांनी सासूबाईंच्या लक्षात आलं की सून दुकानात गेली की सासरे तिच्या खोलीत जातात, आणि बटण उघडल्याचा आवाज येतो.

"अहो, त्या डब्यात तुमचं काय काम असतं?"

"तपासणी," सासरेबुवा पेपरातून मान वर न करता म्हणाले. "इमर्जन्सीच्या वस्तू तपासत राहाव्या लागतात. लिफ्टमधली घंटा कधीच लागत नाही म्हणून ती तपासायची नाही का?"

सासूबाईंचा या माणसावर काडीचा विश्वास उरला नव्हता. हिरवं यंत्र मात्र दुपारभर गप्प असायचं, हेही त्यांना कोड्यात टाकत होतं. एक दिवस ते फिरायला गेल्यावर त्या सुनेच्या खोलीत गेल्या. आज चोर रंगेहाथ पकडायचाच, असं ठरवून त्यांनी डब्याचं बटण सोडलं आणि झाकण काढलं.

डबा काठोकाठ भरलेला होता. जेलीची एकही गोळी उरली नव्हती. सगळ्या पेपरमिंटच्या होत्या.

सासूबाई बराच वेळ तो वास घेत उभ्या राहिल्या. मग त्यांनी झाकण लावलं, बटण अडकवलं आणि डबा सुनेच्या हाताला लागेल असा उशाच्या आणखी जवळ सरकवून ठेवला.